देमासाच्या पुढचं वचन

मिरज तालुक्यातल्या एका पाळकांचं पत्र आलं आहे. त्यांच्या परवानगीने थोडं कमी करून, ओळख कळेल असा मजकूर गाळून देते.

"ताई, सलाम. माझं वय ३९. एका जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळक म्हणून येऊन सहा वर्षं झाली. आलो तेव्हा पटावर ६२ घरं होती. गेल्या दोन वर्षांत त्यातली नऊ घरं येईनाशी झाली. दोन घरं मुलांच्या नोकरीमुळे पुण्याला गेली. तीन घरं सांगली रोडवरच्या एका मंगल कार्यालयात फेलोशिप, म्हणजे नवी स्वतंत्र मंडळी, भरते तिकडे जातात. उरलेली चार कुठेच जात नाहीत. त्यांत आमचे पेटीवाले काका आहेत. २२ वर्षं त्यांनी उपासनेत पेटी वाजवली. आता ती कोपऱ्यात कापडाखाली पडून आहे, भजनं नुसत्या तबल्यावर म्हणतो. गेल्या महिन्यात मी बायबलमधल्या देमासावर उपदेश केला, जगाच्या मोहाने पौलाला सोडून गेला तो. नाव कोणाचं घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. काकांची सून त्या दिवशी आली होती, ती मधेच उठून बाहेर गेली. आता पंचांचं म्हणणं आहे की ज्यांची वर्गणी थकली आहे त्यांना नोटीस पाठवा आणि नावं पटावरून काढा. मला रात्री झोप येत नाही. व्यासपीठावर उभा राहिलो की आधी रिकामे बाक दिसतात, मग माणसं. मी कुठे कमी पडलो? आणि आता काय करू?"

पाळकसाहेब, सलाम.

पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तुमचा राग आला. काकांची सून उठून गेली ते वाक्य वाचून पत्र बाजूला ठेवलं आणि भाजी निवडायला बसले. संध्याकाळी पुन्हा हातात घेतलं तेव्हा रिकाम्या बाकांची ओळ दिसली. ज्याला रिकामे बाक आधी दिसतात त्याचा जीव माणसांत आहे. म्हणून आता मोकळेपणाने लिहिते.

सुरुवात देमासापासूनच करू. तीमथ्याला पाठवलेल्या दुसऱ्या पत्रात, चौथ्या अध्यायाच्या दहाव्या वचनात पौल म्हणतो की देमास मला सोडून थेस्सलनीकाला गेला. तुम्ही तिथे थांबलात. आता अकरावं वचन उघडा. एकटा लूकच माझ्याजवळ आहे, असं लिहून पौल तीमथ्याला सांगतो की येताना मार्काला बरोबर आण, तो सेवेसाठी माझ्या उपयोगाचा आहे. हा मार्क कोण? प्रेषितांची कृत्ये, तेरावा अध्याय. पंफुल्यापर्यंत जाऊन जो पौलाला अर्ध्या वाटेत सोडून यरुशलेमेला परतला तोच हा. पंधराव्या अध्यायात याच मार्कावरून पौल आणि बर्णबा यांचं इतकं बिनसलं की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पौल म्हणत होता, सोडून गेलेल्याला पुन्हा बरोबर नेणार नाही. बर्णबाने मात्र त्याला जवळ घेतलं आणि कुप्रास नेलं. पुढे कित्येक वर्षांनी, तुरुंगात, मरण समोर दिसत असताना त्याच पौलाला तोच मार्क हवासा वाटला.

म्हणजे एक सोडून गेलेला माणूस दहाव्या वचनात आहे आणि दुसरा अकराव्यात. देमासाचं पुढे काय झालं ते शास्त्र सांगत नाही. मार्काचं सांगतं, कारण मधल्या काळात त्याला कोणीतरी धरून ठेवलं होतं. तुमच्या नऊ घरांत कोण देमास आणि कोण मार्क, हे तुम्हाला व्यासपीठावरून कसं कळलं? मला तर या नऊ घरांत देमास एकही दिसत नाही.

मी ३१ वर्षं नर्स होते. वॉर्डात 'डामा' असा शब्द आहे. डॉक्टर नको म्हणत असताना पेशंट घरी जायला निघाला की त्याला डामा म्हणतात. त्याचा फॉर्म असतो. आमच्या जबाबदारीवर नेत आहोत असं लिहून सही किंवा अंगठा घ्यायचा, की दवाखाना मोकळा. आमच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टर तो फॉर्म लगेच काढू द्यायच्या नाहीत. स्टूल ओढून कॉटपाशी बसायच्या आणि विचारायच्या, "काय झालं?" एकदा जतकडचा एक माणूस होता. साखरेने पाय सडत चाललेला, ड्रेसिंग रोज दोनदा. तिसऱ्या दिवशी हटून बसला, मला सोडा. का, तर म्हणे आता बरं वाटतंय. सिस्टर अर्धा तास स्टुलावर बसून राहिल्या. त्याच्या गावची, पावसाची, शेळ्यांची चौकशी केली. मग हळूच बाहेर आलं. त्याची बायको रात्री व्हरांड्यात झोपायची, तिला आदल्या रात्री कोणीतरी हाकललं होतं आणि ती बिचारी रात्रभर एसटी स्टँडवर बसून होती. त्याला बरं वगैरे काही वाटत नव्हतं. बायकोची झोपायची सोय झाली आणि तो माणूस आणखी १६ दिवस राहून स्वतःच्या पायाने चालत घरी गेला.

तुमचे पंच म्हणताहेत ती नोटीस म्हणजे हा डामाचा फॉर्म. कागद पुरा होईल, मंडळी जबाबदारीतून सुटेल. स्टुलावर मात्र कोणीच बसलेलं नसेल.

जाणारा माणूस जे कारण सांगतो ते सांगायला सोपं असतं म्हणून सांगतो. वेळ मिळत नाही, लांब पडतं, मुलांना तिकडचं संगीत आवडतं. खरं कारण त्याच्या बरंच आधी घडून गेलेलं असतं आणि बहुधा ते लहान असतं, इतकं लहान की बोलून दाखवायची लाज वाटावी.

माझं सांगते. याआधी या सदरात कधी लिहिलं नव्हतं. माझ्या यजमानांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, उरलेले दिवस माझी ड्युटी. रविवार हा एकच दिवस हाताशी, त्यात धुणं, दळण आणि त्यांच्या पथ्याचं करणं. सात महिने मी उपासनेला गेले नाही. त्या सात महिन्यांत मंडळीतलं कोणी आलं नाही. शेवटी एक जण आले ते वर्गणीचं पुस्तक घेऊन. उंबऱ्याबाहेर उभे राहूनच त्यांनी थकलेले महिने मोजले आणि आवाज खाली न करता म्हणाले, "बाई, भरून टाका एकदा. उद्या काही झालं तर दफनभूमीला अडचण नको." यजमान आतल्या खोलीत जागे होते. त्यांनी ऐकलं. मी डब्यातले पैसे काढून दिले आणि पावती घेतली. ती अजून माझ्याकडे आहे.

त्यानंतर ११ वर्षं मी त्या चर्चची पायरी चढले नाही. यजमानांच्या दफनाला सगळे आले, गाणी म्हटली, पाळकांनी चांगला उपदेशही केला. मागाहून कानावर आलं की नवरा गेल्यापासून हिचा विश्वास थंड पडला. माझा विश्वास कुठेही गेला नव्हता, साहेब. पहाटे उठून मी प्रार्थना करतच होते. मला फक्त त्या पुस्तकवाल्याच्या शेजारी बसून प्रभुभोजन घेता येत नव्हतं. कोणी विचारलं असतं तर हे एका वाक्यात सांगितलं असतं. ११ वर्षांत दोन पाळक बदलून गेले, पण विचारलं कोणीच नाही.

तिसरे आले. मंगळवारी आले, एकटे. पोहे खाल्ले, चहा घेतला आणि म्हणाले, "तुम्ही येत नाही असं कळलं. काय झालं होतं ते ऐकायला आलोय." मी बोलत राहिले, ते बसून राहिले. मध्ये एकदाही "पण बाई" म्हणाले नाहीत. निघताना "या रविवारी या" असंही म्हणाले नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा आले तेव्हा त्यांच्या पँटला कुसळं चिकटलेली होती. यजमानांच्या कबरीवर वाढलेलं गवत उपटून ते थेट माझ्याकडे आले होते. त्या रविवारी काही मी गेले नाही. पुढच्या महिन्यात गेले.

आता तुमच्या घरांकडे येते. पुण्याची दोन घरं तुम्ही सोडून गेलेल्यांत का मोजलीत? ती पोटामागे गेली. त्यांना मंडळीचा, सभासद असल्याचा दाखला दिलात का? तिथल्या एखाद्या पाळकांना फोन करून सांगितलंत का, की आमची माणसं येताहेत, बघा? नसेल तर आज करा. हडपसर, पिंपरीकडे आपल्या भागातली किती तरी कुटुंबं पहिली दोन वर्षं कोणत्याच चर्चमध्ये न जाता काढतात आणि मग सवयच मोडते.

फेलोशिपला जाणाऱ्या तीन घरांवरून तुमच्या पंचांत "मेंढरं चोरली" असं बोलणं होत असणार. जुन्या मंडळ्यांत सगळीकडेच होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हाची गोष्ट सांगते. ओसरल्यावर सांगलीत घराघरांत गुडघाभर चिखल होता. माझ्या ओळखीची एक बाई, तीन पिढ्या जुन्या मंडळीतल्या. त्यांच्या घरी चिखल काढायला नव्या फेलोशिपची पाच-सहा पोरं फावडी घेऊन आली आणि दोन दिवस राबली. बाईंच्या स्वतःच्या मंडळीने नंतर हॉलमध्ये बोलावून, रांगेत उभं करून किट दिलं आणि फोटो काढला. ती बाई आता तिकडे जाते. मला म्हणाली, "उपदेश कुणाचा चांगला ते मला कळत नाही. चिखल कुणी काढला ते कळतं." याला चोरी म्हणाल? आपल्या बापजाद्यांची मंडळी तरी या भागात कशाने उभी राहिली? मिशनरी डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उघडला, त्यात माणसांच्या जखमा धुतल्या गेल्या. लोकांनी आधी हात पाहिले, पुस्तक नंतर उघडलं.

त्या तीन घरांना भेटलात तर आशीर्वाद द्या आणि तिथल्या पास्टरांनाही रस्त्यात सलाम करा. एका बाबतीत मात्र गप्प राहू नका. तिथे कोणी इन्सुलिन बंद करा, बीपीच्या गोळ्या टाकून द्या, विश्वास असेल तर औषध कशाला, असं सांगत असेल किंवा बरं करण्याचे पैसे घेत असेल, तर त्या घरी जाऊन स्पष्ट बोला. अशा प्रार्थनांनंतर कोमात आलेले पेशंट मी वॉर्डात पाहिले आहेत.

उरली चार घरं, जी कुठेच जात नाहीत. झोप तुमची त्यांच्यामुळेच उडाली आहे असं मला वाटतं. त्यांची कारणं मला माहीत नाहीत, तुम्हालाही नाहीत. पण इतकी वर्षं या मंडळ्यांत काढल्यावर काय काय असू शकतं ते सांगते.

घरातल्या मुलीने जातीबाहेर, धर्माबाहेर लग्न केलं असेल आणि आईबापांना तुमच्यासमोर यायची लाज वाटत असेल. किंवा मुलाला स्थळ पाहताना मंडळीतल्याच एखाद्या घराने हळूच विचारलं असेल, तुम्ही मूळचे कोण? प्रभुभोजनात एका प्याल्याचे म्हणायचं आणि सोयरिकीला आजोबांची जात काढायची, हे आपल्याकडे अजून आहे. त्या एका प्रश्नाने माणूस कायमचा उठून जातो, आणि कारण विचारलं तर गुडघे दुखतात असं सांगतो.

जातीच्या दाखल्याचंही असू शकतं. हे जरा नीट लिहिते, कारण पाळकमंडळी यावर व्यासपीठावरून फार कडक बोलतात. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती माणूस बाहेरच राहिला. म्हणजे ज्याचे पणजोबा महार किंवा मांग होते, ज्याला गावात आजही त्याच आळीतला समजतात, त्याने पटावर नाव लावलं की पोराची शिष्यवृत्ती आणि नोकरीतली अनुसूचित जातीची राखीव जागा गेली. गाव त्याची जात विसरत नाही, आणि सरकारदरबारी ती त्याला सांगता येत नाही. असा बाप पोरगं बारावीला गेलं की चर्चमध्ये दिसेनासा होतो, पटावरून नाव काढा म्हणतो, बाप्तिस्म्याची नोंद नको म्हणतो. त्याला भित्रा म्हणायचा अधिकार निदान आपल्याला नाही. त्याने जगावर प्रेम केलं असं म्हणाल, तर त्याने पोरावर प्रेम केलं एवढंच खरं आहे. त्याच्याकडे जाऊन कागदाचा विषय न काढता चहा पिऊन आलात तरी त्याला बरंच काही मिळेल.

कॉलेजात जाणारी मुलं वेगळ्याच कारणाने सुटतात. त्यांनी तरुण संघात प्रश्न विचारला आणि "प्रश्न विचारू नकोस, विश्वास ठेव" असं उत्तर मिळालं, एवढं पुरतं. बायका दमून सुटतात. रविवारची शाळा त्यांची, चहा त्यांचा, नाताळचे लाडू त्यांचे, कमिटीत मात्र नाव नाही. आणि जिथे जमिनीवरून, ट्रस्टवरून, निवडणुकीवरून दोन पार्ट्या झाल्या आहेत तिथे सरळ माणूस पहिल्यांदा जातो, कारण त्याला कोणाच्याच बाजूने सही करायची नसते.

न्यूझीलंडमध्ये ॲलन जेमिसन म्हणून पाळकाचं काम केलेले एक अभ्यासक आहेत. मंडळ्या सोडलेल्या लोकांना भेटून त्यांनी अभ्यास केला. सोडणारे काठावर बसणारे असतील अशी आपली समजूत असते. त्यांना भेटलेले बहुतेक लोक वर्षानुवर्षे जबाबदाऱ्या उचललेले निघाले, पुढारीपण केलेले. विश्वासही बऱ्याच जणांनी सोडलेला नव्हता. तुमचे काका २२ वर्षांचे पेटीवाले आहेत, हे वाचताना मला तेच आठवलं.

साताऱ्याचं तर आपल्याला घरचं उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, मिशनमध्ये वर्षानुवर्षे सेवा केली आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. तिथे बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, ख्रिस्ताला गुरू मानणारा कोणीही बसू शकत होता. १९१९ मध्ये ते गेले. मिशनच्या चाकोरीतून बाहेर पडलेल्या त्याच माणसाची भजनं आज आपण प्रत्येक रविवारी म्हणतो. तुमच्या मंडळीत आता नुसत्या तबल्यावर जी म्हणता त्यांतली बरीचशी त्यांचीच असतील. चाकोरी सोडली म्हणून माणूस ख्रिस्तापासून दूर गेला असं धरून चालायचं, तर आपल्या भजनांच्या पुस्तकाचं काय करायचं?

पाळक अशा वेळी काय करतात तेही पुष्कळ पाहिलं आहे. एक गप्प बसतो, जाणाऱ्याचं नावच घेत नाही, जणू ते घर गावात नव्हतंच. एक पंचांना घेऊन पाच-सहा जणांच्या फौजेसह जातो आणि घरातल्या माणसाला गुन्हेगार करून बसवतो. एक व्यासपीठावरून बोलतो. तुम्ही तिसऱ्यातले झालात. दुखावलेला माणूस असंच करतो, आणि तुम्ही दुखावले आहात. सहा वर्षं आजारपणं, मयती, भांडणं सांभाळायची, पगार कधी वेळेवर कधी नाही, आणि एक घर न सांगता निघून जातं. लागतंच ते. पण ज्याच्याबद्दल लागलं आहे तो तिथे नाही, आणि त्याच्या घरचं माणूस समोर खाली बसलेलं असलं तरी त्याला उलट बोलायची सोय नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशू पहिली पायरी एकांताची सांगतो, तू आणि तो दोघेच असताना. मंडळीपुढे बोलणं ही शेवटची पायरी आहे. तुम्ही ती आधी चढलात.

योहानाच्या सहाव्या अध्यायावर अशा वेळी बरेच पाळक बोट ठेवतात. खुद्द प्रभूलाही पुष्कळ शिष्य सोडून गेले, सत्य सांगितलं की लोक जातातच, असं म्हणतात. म्हणण्याआधी एकदा तपासून पाहावं की लोक सत्यामुळे गेले की आपल्या बोलण्यामुळे. आणि त्या प्रसंगी प्रभूने काय केलं तेही पाहावं. गेलेल्यांना शिव्याशाप दिले नाहीत. राहिलेल्या बारा जणांकडे वळून विचारलं, तुम्हालाही जायचंय का? दार दोन्ही बाजूंनी उघडं ठेवूनच त्याने विचारलं.

तर आता करायचं काय. देमासाचा उपदेश सगळ्यांपुढे झाला, तेव्हा माफीही सगळ्यांपुढेच मागावी लागेल. घरी जाऊन हळूच मागून चालणार नाही. येत्या रविवारी, उपदेशाच्या आधी, चार वाक्यांत सांगा. मी रागात बोललो, ते बोलणं मला शोभलं नाही, ज्यांना लागलं त्यांची मी माफी मागतो. का रागावलो ते सांगत बसू नका, ते सांगायला लागलात की माफी राहते बाजूला. वाटल्यास त्या दिवशी अकरावं वचन वाचा.

पंचांना सांगा की वर्षभर एकही नाव पटावरून निघणार नाही आणि एकही नोटीस जाणार नाही. ते ऐकणार नाहीत, चिडतील. मंडळीचा खर्च कसा चालवायचा म्हणतील, तो प्रश्न खरा आहे, त्यावर वेगळी बैठक घ्या. पण वर्गणी आणि दफन यांची गाठ तुमच्या मंडळीत असेल तर ती आधी सोडा. मयताच्या घरी थकबाकीचा शब्द निघता कामा नये, असा ठराव लेखी करून घ्या. त्यासाठी भांडावं लागलं तरी भांडा. हे मी माझ्या पावतीसकट सांगते आहे.

मग काकांकडे जा. रविवारी नको, शनिवारी नको. मधल्या वारी, संध्याकाळी, दिवेलागणीनंतर. एकटे जा. पंच नकोत, वर्गणीचं पुस्तक नको, हातात मोठं बायबलही नको, खिशात लहान असेल तर असू दे. सून दार उघडेल. तिची माफी तिथेच, उंबऱ्यातच मागा, आत बसायच्या आधी. सगळ्यांदेखत उठून जायला तिला किती धीर लागला असेल.

काकांना म्हणा, काय झालं ते ऐकायला आलोय. पहिल्यांदा ते काही सांगणार नाहीत. गुडघे, वय, रात्रीची झोप, असंच काहीतरी निघेल. ते खरं धरून ऐका. डॉक्टर कोणते, गोळ्या कोणत्या, विचारा. कदाचित त्या दिवशी तेवढंच होईल आणि तुम्ही चहा पिऊन परत याल. पंधरा दिवसांनी पुन्हा जा. खरं कारण निघेल तेव्हा ते तुमच्याबद्दल असण्याची तयारी ठेवा. पेटीचा आवाज कमी ठेवा असं तुम्ही एकदा सगळ्यांसमोर म्हणालात, किंवा त्यांच्या बायकोच्या ऑपरेशनला तुम्ही आलाच नाहीत, असलं काहीतरी. तुम्हाला आठवणारही नाही. त्या दिवशी खरंच बाहेरगावी होतात असं तुमच्या ओठांवर येईल. ते गिळा. "मला ठाऊक नव्हतं, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत" एवढंच म्हणा.

ते कदाचित परत येणार नाहीत. काही जखमांवर दुसऱ्याच मंडळीत खपली धरते, आणि तसं असेल तर त्यांना आनंदाने मंडळीचा दाखला द्या. एखाद्याला तुमच्या मंडळीतल्या कोणी पैशाने नाडलं असेल, किंवा एखाद्या बाईशी कोणी वाईट वागलं असेल, तर त्यांना परत बोलवायचं नावही काढू नका. आधी त्या माणसाला जाब विचारा, गुन्हा असेल तर पोलिसांत जायला त्यांच्या पाठीशी उभे राहा.

आणि तुमच्यासाठीही कोणीतरी स्टूल ओढून बसायला हवं. दुसऱ्या तालुक्यातले एखादे जुने पाळक पाहा, ज्यांना तुमच्या पंचांशी काही देणंघेणं नाही. महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जा. तुमच्या घरच्या बाईसाहेबांना रिकाम्या बाकांबद्दल सांगितलंत का? पत्रात त्यांचा उल्लेख नाही. बहुतेक त्यांना काकांच्या घरातलं तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. आधी त्यांनाच विचारा.

तुम्ही विचारलंत, मी कुठे कमी पडलो. ते मी इथे बसून नाही सांगू शकत, काकाच सांगतील.

एक लहानसं काम मात्र उद्याच करा. पेटीवरचं कापड काढा, भाता उघडून पुसा, उंदरांनी कुरतडलंय का पाहा. नादुरुस्त असेल तर मिरजेत वाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत कोणी ना कोणी नीट करून देईल. काकांकडे गेल्यावर पेटीचा विषय तुम्ही काढायचा नाही. त्यांनीच विचारलं, पेटी कशी आहे, तर खरं काय ते सांगता आलं पाहिजे.

जाऊन आलात की कळवा. सलाम.